घोड्याच्या हाडात अर्धी मी

प्रिय बाबा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडता आईच्या हातात द्याल, आणि आई ते तसंच तुमच्याकडे परत देईल. मी तिला फोनवर तसं बजावून ठेवलंय. तेव्हा आता सुटका नाही. चष्मा लावा, खिडकीजवळची खुर्ची ओढा आणि शेवटपर्यंत वाचा. गेल्या चौदा महिन्यांत माझ्या फोनला तुमचं एकच उत्तर आहे, 'बरं आहे, आईला देतो.' पत्राला मात्र आईला फोन देऊन सुटता येत नाही, म्हणून हा उद्योग.

तर पहिली बातमी अशी की तुमची लेक सध्या गुन्हेगार आहे. सात आठवडे झाले, आमच्या स्वच्छ खोलीत पाय ठेवायला मला बंदी आहे. ही ती खोली, जिथे आम्ही हजारो वर्षं जुन्या हाडांची पूड करून त्यातून डीएनए काढतो. आत जायचं तर अंगावर दोन झगे, हातात मोज्यांवर मोजे, तोंडाला मास्क, केस झाकलेले. कारण हाडातला जुना डीएनए इतका थोडा आणि तुटका असतो, की आपण नुसतं शिंकलो तरी तो आपल्याच डीएनएखाली बुडून जातो. आमच्या बाईंचा तर कुणावरच विश्वास नाही. (त्यांना आम्ही पाठीमागे हिमयुग म्हणतो. त्या खोलीत आल्या की खरंच गारवा वाटतो.) त्यांनी आम्हा सगळ्यांचा डीएनए आधीच काढून ठेवलाय. कुठल्या हाडात माणूस, म्हणजे माणसाचा डीएनए, सापडला की ताडून बघायचं, आणि चोर पकडायचा.

सात आठवड्यांपूर्वी घोड्याच्या पायाच्या हाडात माणूस सापडला. आणि यंत्राने बोट दाखवलं माझ्याकडे.

मी शपथेवर सांगितलं की माझा मास्क एकदाही खाली आला नव्हता. हिमयुगबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि माझं कार्ड काढून घेतलं. तेव्हापासून मी बाहेरच्या टेबलावर नमुन्यांच्या नळ्यांवर आकडे चिकटवते. नवीन आलेल्या मुली मला अदबीने विचारतात, ताई, नक्की काय झालं होतं हो? बाहेरून हसते, पण आत चांगलंच लागलंय. नऊ वर्षांत माझ्या हातून एक नमुना खराब झाला नव्हता.

आता दुसरी बातमी. ते हाड तुमच्या संग्रहालयातलं आहे. हो, तीच पेटी.

आठवते ना? तुम्हाला न आठवायला काय झालं! मोठ्या साहेबांनी तळघर रिकामं करायला काढलं होतं आणि 'बैलाची हाडं' अशी चिठ्ठी असलेली पेटी टाकून द्यायला सांगितली. तुम्ही म्हणालात, साहेब, हा बैल नाही, बैलाचा खूर दुभंगलेला असतो, हा घोडा आहे, आणि फार जुना आहे. साहेबांनी विचारलं की हाडांच्या खोलीच्या शिपायाला हे कुणी शिकवलं. तुम्ही मान डोलावलीत, पेटी उचललीत आणि मोडक्या कपाटामागे नेऊन तिच्यावर फरशी पुसायची फडकी पसरलीत. पुढची अकरा वर्षं, साहेब निवृत्त होईपर्यंत, तुम्ही दर सोमवारी तिची धूळ झटकत होतात. ही गोष्ट फक्त आईला आणि मला माहीत होती, आणि आई पोटात काही ठेवत नाही हे लक्षात घेता गुपित टिकलं हे आश्चर्यच. पुढे मीच ती पेटी आमच्या प्रयोगशाळेसाठी मागून घेतली.

त्या खोलीतल्या माझ्या सुट्ट्या मला अजून वासासकट आठवतात. डिंक, जुना कागद आणि तुमच्या डब्यातलं लोणचं. हाड आहे की दगड हे कसं ओळखायचं ते तुम्ही मला तिथेच शिकवलंत. जिभेचं टोक लावायचं. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. तुम्ही आधी स्वतः करून दाखवलंत, मोठ्या थाटात, डोळे मिटून. मग मी जीभ बाहेर काढली, आणि नेमकी तेवढ्यात आई दारात उभी. त्या दिवशी ती तुम्हाला जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण त्यानंतर मी आयुष्यात कुठल्याही हाडाला जीभ लावली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आधी तुमचे घोडे काय म्हणाले ते सांगते. हिमयुग संपून हवा तापायला लागली, तेव्हा मोठमोठ्या कुरणांच्या जागी झुडपं, जंगल आणि दलदल आली. मला वाटायचं की अशा वेळी सगळ्या प्राण्यांचं एकसारखंच झालं असेल. तसं मुळीच नाही. रेनडिअर, म्हणजे बर्फातली हरणं, थंडीच्या मागे मागे सरकले आणि मजेत राहिले. केसाळ गेंडा संपला. तुमची पेटी ज्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागातून आली, तिथून घोडे केव्हाच गेले असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि तुमच्या पेटीतले पाच घोडे आमच्या हिशेबापेक्षा तीन हजार वर्षं नंतरचे निघाले! सगळीकडचं गवत गेलं तरी एका कुठल्या तरी दरीत ते उरलं होतं, आणि हा कळप तिथे तग धरून होता. त्यांच्या डीएनएवरून दिसतं की आधी ते पुष्कळ होते, मग कमी कमी होत गेले, आणि शेवटचे दोघं तर जवळजवळ चुलतभावंडं होती. हे कळलं त्या दिवशी हिमयुगबाई हसल्या. आम्ही तारीख लिहून ठेवली.

आपल्या घरातही तसंच आहे, नाही का? हवा बदलली की आई मोठ्याने बोलते, मी कामात डोकं खुपसते आणि तुम्ही गप्प होऊन आपल्या दरीत जाऊन बसता.

घोड्यातून माणूस वेगळा काढणं तसं अवघड नसतं, त्यामुळे निकाल शाबूत आहे. पण माणूस आला कुठून, हे बाईंना हवंच होतं. परवा आमचा आकडेवाला मित्र धावत आला. पहिल्या तपासणीत नुसतं साम्य दिसलं होतं, आता त्याने नीट मोजलं होतं. तो माणूस म्हणजे मी नव्हे. माझं आणि त्याचं फक्त अर्धं जुळतं, आणि तो पुरुष आहे. तो गंभीरपणे म्हणाला, तुझा अगदी जवळचा कुणी तरी या हाडाच्या फार जवळ आलेला आहे. मी इतकी हसले की खुर्चीवरून पडायचीच बाकी होते. बाबा, तुमची जीभ! जुनं हाड स्पंजासारखं शोषून घेतं, आणि तुम्ही तर डोळे मिटून चव घेत होतात.

हसून झाल्यावर मात्र मला रडू आलं. कारण मला माझं चौदा महिन्यांपूर्वीचं ते भाषण आठवलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला होतात, आणि मी टाळ्या मिळवण्यासाठी म्हणाले होते, की ही हाडं बर्फात हजारो वर्षं टिकली, ती खराब केली मधल्या अडाणी हातांनी. लोक हसले. चहाला तुम्ही नव्हतात. घरी येऊन मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. मला त्याच दिवशी कळलं होतं, बाबा. कळूनही मी चौदा महिने कामात आहे असं दाखवत राहिले. चुकले मी. ते हात नसते तर पेटी कचऱ्यात गेली असती, आणि आज माझ्याकडे एकही घोडा नसता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सोबत एका नळीत कापसाची काडी आहे. ती गालाच्या आतून अर्धा मिनिट फिरवायची, नळीत परत ठेवायची आणि कागदावर सही करून पाठवायची, म्हणजे माझी बंदी उठेल. मित्र म्हणाला, तुझ्या घरी त्यांची जुनी टोपी आहे ना, त्यातला एक केसही पुरेल, विचारायची गरजच काय. मला तसं नको होतं. आणि खरं सांगू, बंदी आणखी सात आठवडे चालली तरी चालेल, पण आमच्याकडे एक वही असते. हाडाला कुणी कुणी हात लावला, कधी आणि कशासाठी, हे तिच्यात क्रमाने लिहायचं असतं, आणि ज्याचं त्यानेच लिहायचं असतं. तुमच्या घोड्याच्या पानावर माझं नाव दुसऱ्या ओळीवर आहे. पहिली ओळ मी कोरी ठेवली आहे. काडी टपालाने नका पाठवू. इस्त्रीचा शर्ट घाला आणि स्वतः घेऊन या.

तुमचीच अर्धी,
खारूताई