घास तोडलेली भाकरी

आईस इलमुर्झाचा सलाम.

तीन महिने लिहायचं टाळलं, शरमेनं. फौजेत निघणाऱ्यानं भाकरीचा एकच घास खायचा, उरलेली परतण्याची खूण म्हणून घरी ठेवायची. मी मात्र बडबडत अख्खी संपवली आणि तू रडलीस.

इथे सीमेवर, याईक नदीच्या ठाण्यावर आपला तांबडा घोडा तपासणीत पहिला आला! नायक म्हणाला, "शिपाई घोडाच दिसतोय, तू कोण रे?" मग माझा बाण नेमका निशाणावर लागलेला पाहून म्हणाला, "बरं, तूही शिपाई!" नदीपलीकडे कधी शत्रूच्या तळाचा धूर दिसतो, पण लांब.

सोबत घास तोडलेली भाकरी पाठवतोय, भिंतीला टांग. तुझा गुडघा कसा आहे?

थांब, फाटकात कोणी आलंय. आई, तुझा भाऊ! बारा वर्षांपूर्वी याच सीमेवर हरवलेला युलबारिस मामा! क्षेमकुशल सोडून विचारतोय, "ताईनं माझी भाकरी ठेवलीय ना अजून?"