धुतलेलं फडकं

आई,

लांबूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या माणसांची मात्र शिसारी आलीय. परदेशातून आणलेली कुत्री रोगराईच्या भीतीने आधी आमच्या केंद्रात वेगळी ठेवतात. परवा एक पिल्लू आलं, अगदी दूधपितं. इतकी लहान आणू देत नाहीत, म्हणून त्याच्या मालकिणीने वय खोटंच सांगितलेलं. विकणाऱ्याने सोबत त्याच्या आईच्या अंगाखालचं फडकं दिलं होतं, वासाने निजावं म्हणून. बाईने ते धुऊन, वर अत्तर मारून आणलं! वर नाक मुरडून म्हणते, "शी, किती घाण मारत होतं!"

पिल्लू फडक्यात नाक खुपसतं, आई सापडत नाही, की केकाटतं.

माझी छकुली तिथे माझा जुना गाऊन उराशी धरूनच झोपते ना? कितीही मळू दे, धुवू नकोस.

तुझी थोरली