डावी गिटार

१२ जून १९९४, रविवार

नेक मिळाली! चौकातल्या जुन्या बाजारात, पंख्याची पाती आणि शिलाई मशीनची चाकं यांच्या ढिगात पडली होती. धड नाही, तारा नाहीत. गिटारची नुसती मान. दुकानदाराला तो कशाचा तरी दांडा वाटत होता. मी तिथेच उन्हात डोळ्याला लावून बघितली, बंदुकीचा नेम धरतात तशी. किंचित वाक आहे, पण पीळ नाही. वाक काढता येतो. आत लोखंडी सळई असते, टोकाचा नट आवळला की नेक सरळ होते. पीळ असता तर तिथेच टाकून आलो असतो.

घरी आल्यावर माझी बायको शकू म्हणाली, "हाई काय शे? बाकीनी गिटार कोठे शे?"

म्हटलं, बाकीची मी बनवणार.

तिने माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली — "बनवा मंग."

१४ जून

एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. फेब्रुवारीत कारखान्यात लूमच्या, यंत्रमागाच्या, पट्ट्यात डावा हात गेला. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्हींची वरची पेरं गेली. हितेशभाई दवाखान्यात आला. त्याच्या ऑर्केस्ट्रात मी किती लग्नं, किती नवरात्री वाजवल्या! माझ्या पट्ट्या बघून मोठा माणूस ढसढसा रडला. मी रडलो नाही. मी डोक्यात मांडत होतो — तारा दाबायला बोटं लागतात, ती गेली. पण तारा छेडायला? छेडायची प्लॅस्टिकची पत्री धरायला अंगठा आणि तर्जनी पुरते. दोन्ही शाबूत!

मग हात बदलायचे. उजव्याने दाबायचं, डाव्याने छेडायचं. बस.

घरच्या साध्या लाकडी गिटारला उलट्या तारा लावून तेव्हापासून उजवी बोटं वळवतोय. आधी लाकडाची वाटायची. आता थोडी माझी वाटतात. पण ऑर्केस्ट्रात ढोलासमोर साधी गिटार ऐकूच येत नाही, इलेक्ट्रिकच लागते. आणि डावखुऱ्याची इलेक्ट्रिक मी तरी सुरतेत कुठे बघितली नाही. उजवी उलटी धरली तर बटणं नेमकी कोपराखाली येतात, आणि वरच्या सुरांकडे जाताना हात लाकडावर आपटतो.

नाही मिळत तर करू. लूम जोडता येतो, गिटार का नाही?

२ जुलै

छगनकडे भेस्तानला. आमच्याच तालुक्यातला, दारं-खिडक्या करतो. हितेशभाईच्या गिटारवरून मी पुठ्ठ्याचा साचा कापून नेला होता. छगनने शिवणीची फळी काढली. हलकी, वाजवली की आवाज छान! सागवान नको म्हणालो, खांदा मोडेल.

"गजू, बसायचा पाट होईल याचा झकास," म्हणाला.

म्हटलं, तू काप. उद्या येतो.

३ जुलै

छगनने उजवी कापली!!

उलटा ठेवायचा साचा सवयीने सुलट ठेवला आणि चालवली करवत. मी बघितलं आणि खालीच बसलो. त्याचं तोंड एवढंसं झालं. "दुसरी फळी नाही रे या जाडीची," म्हणाला. त्याच्या बायकोने चहा आणला तो तसाच निवत राहिला.

मग मी फळी उचलली आणि उलटी केली. पाठ वर, पोट खाली.

झाली डावी!

अजून खाचा पाडल्या नव्हत्या, दोन्ही बाजू सपाट. तिला काय माहीत पोट कुठलं आणि पाठ कुठली! छगन एवढा हसला की खोकला लागला. म्हणाला, "मी मुद्दामच केलं होतं, तुझी अक्कल बघायला." थापाड्या!

१० जुलै

नेक बसायची खाच आज स्वतः कोरली. छगनची छिन्नी, माझा हात. खाच सैल झाली तर सूर मरतो. थोडं कोरायचं, नेक बसवून बघायची, पुन्हा थोडं. शेवटी दाबल्यावर अशी बसली की गिटार नेकला धरून उचलली तरी सुटेना. अजून एकही स्क्रू नाही!

पाऊस. लाकूड फुगेल म्हणून धोतराच्या कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली.

२४ जुलै, रविवार

हिलालनानांकडे. उधन्यात त्यांचं मोटर बांधायचं दुकान आहे, जळलेली कॉइल काढून नवीन गुंडाळतात. मला पिकअप हवा होता. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं बंडल, दुसरं काही नाही. वर लोखंडाची तार हलली की त्यात वीज उठते, तीच पुढे भोंग्यातून आवाज होऊन येते.

नानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मोटर नाही, फिरत काही नाही, नुसतं गुंडाळायचं?"

"हो."

"मग गाणं कोण म्हणतं?"

गुंडाळताना तार दोनदा तुटली. नाना चिडले, मला शिव्या दिल्या, तारेला दिल्या. तिसऱ्यांदा श्वास धरून बसले. मी पण! बंडल पुरं झालं, वरून मेण ओतलं. पैशाचं नाव काढलं तर म्हणाले, "वाजलं तर ये सांगायला. नाही वाजलं तर येऊ नको."

३१ जुलै

कारखान्यात सुट्टीत बसून पितळेची पट्टी घासली. नेकच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. उजव्या गिटारची इथे चालत नाही, जाड तारेची खाच जाड तारेखालीच हवी. माझ्या सगळ्या खाचा उलट्या क्रमाने. हे काम माझं! कानस हातात आली की मी राजा.

शेठ आता मला फक्त तेलपाण्याच्या कामाला ठेवतात. ठेवा.

७ ऑगस्ट

वाजली!

आणि काय वाजली! तारेचा आवाज कमी, भुंग्याचा जास्त. आमच्या कारखान्याचा सगळा घरघराट भोंग्यातून. शकूने कान झाकले. शेजारच्या उषाबाई दारात येऊन विचारून गेल्या, "पाण्याची मोटर आणली काय गं?"

तारांना हात लावला की घरघर वाढत होती. म्हणजे अर्थिंगचा घोळ. ब्रिज — खालच्या बाजूला तारा जिथे अडकतात तो पत्रा — तिथून एक वायर आतल्या पत्र्याला जोडायची राहिली होती. उघडलं, जोडली, बंद केलं.

शांत! मग एकच तार छेडली. किती वेळ वाजत राहिली... खिडकीच्या जाळीला पण थरथर.

शकू टिकल्या लावायची साडी बाजूला ठेवून उठली. म्हणाली, "अजून एकदा."

हिलालनानांना सांगायला सायकलने गेलो. त्यांनी शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगितलं — "आपली मोटर गाती!"

१४ ऑगस्ट

आता सेटिंग. लोकांना वाटतं जोडली की झाली. खरं काम इथून सुरू.

तारा उंच होत्या, दाबताना बोटं कापत होती. खाली आणल्या तर नेकवरच्या मधल्या आडव्या पट्ट्यांवर किरकिर. सळईचा नट पाव फेरा आवळला, एक दिवस तशीच ठेवली, पुन्हा बघितलं. घाई केली तर नेक तडकते. एक पट्टी वर आलेली होती, ती तेलदगडाने घासून बसवली. आता लोण्यासारखी!

मोकळी तार बरोबर, पण वर दाबली की सूर चढा. ब्रिजवरचे दांडे स्क्रूने मागे घेतले. थोडं मागे, ऐक. अजून मागे, ऐक. शेवटी नेकच्या मधोमध दाबलेला सूर आणि मोकळ्या तारेचा सूर एका घरातले झाले.

एकच अडचण. वाजवताना बघायचे ठिपके नेकच्या कडेला असतात. उलट्या नेकवर ते खाली गेले, मला दिसतच नाहीत! शकूने नेलपॉलिशची बाटली काढली आणि वरच्या कडेला ठिपके दिले. लाल. मी म्हटलं, बायकी दिसेल. ती म्हणाली, "दिसेल तर खरं!"

२१ ऑगस्ट

हितेशभाईला दाखवली. कतारगामला त्याच्या प्रॅक्टिसच्या खोलीवर. हातात घेऊन उलटीपालटी केली. "गजुभाई, आ तमे बनाव्युं? जाते?" स्वतः बनवली का, पुन्हा पुन्हा विचारलं.

मग खरं बोलला. यंदाच्या नवरात्रीसाठी त्याने कीबोर्डवाला मुलगा बघून ठेवलाय. बटण दाबलं की गिटारचा आवाज, पुन्हा दाबलं की शहनाई. "तमारी जग्या में राखी छे. पण गणपती सुधी ज." जागा ठेवलीय, पण गणपतीपर्यंतच. दिंडोलीच्या मंडळात कार्यक्रम आहे, तिथे वाजवून दाखवायचं.

म्हटलं, दाखवतो.

परत येताना बसमध्ये घाम फुटला होता, पण तो गर्दीचा.

४ सप्टेंबर

बोटांना गाठी पडल्या. उजव्या! शकू हात धरून बघते, कणीक दाबून बघावी तशी. कारखान्यात तेल घालताना पण बोटं आपोआप वळतात. सरळ चालीचं गाणं बिनचूक जातं. गरब्याची लय चढली की तिसरं बोट मागे पडतं. पडू दे. अकरा दिवस आहेत.

१५ सप्टेंबर, गुरुवार

दिंडोली. मांडव गच्च. आपलीच माणसं — धुळे, अमळनेर, पारोळा. पुढे बायका, मागे पोरं सायकलींवर. कीबोर्डवाला मुलगा बाजूला उभा. भला आहे, म्हणाला, "अंकल, ऑल द बेस्ट."

अंकल!

पहिलं गाणं सरळ गेलं. कुणीतरी ओरडलं, "गजूदा डाव्या हाताने वाजवी ऱ्हायना!" दुसऱ्याला ढोलवाल्याने लय चढवली. चढवत गेला. आणि तिसरं बोट अडकलं. एक सूर चुकला, मग तीन, मग मी थांबलोच. ढोल चालू, मी गप्प. हितेशभाईने माझ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं. ते जास्त लागलं.

किती वेळ थांबलो माहीत नाही. मग कानात लूम आला. खरंच! खटाक-खट, खटाक-खट. वीस वर्षांची चाल. चार बारीक तारा सोडल्या, वरच्या दोन जाड्या धरल्या, तळहात त्यांच्यावर टेकवला आणि तीच चाल वाजवली. दोन बोटं पुरली. जाड, ठोस, ढोलाच्या पावलावर पाऊल. ढोलवाल्याने वळून बघितलं आणि दात काढले.

मग मांडव उठला. बायका फुगड्या सोडून नाचायला लागल्या. शकू पण! माझी शकू, चार माणसांत मान खाली घालणारी!

खाली उतरल्यावर हितेशभाईने मिठी मारली. "आ शुं काढ्युं, गजुभाई? आवुं तो कोई नथी वगाडतुं!" म्हणे असं कुणीच वाजवत नाही. नवरात्रीत कीबोर्डवाला मुलगा पण असेल, मी पण. दोघं.

रस्त्याने चालत आलो. शकू वाटभर टाळीवर तीच चाल धरत होती.

२० सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज कारखान्यात हितेशभाईचा निरोप आला, रविवारपासून प्रॅक्टिस. जाड तारांसाठी पिकअपची उंची थोडी वाढवली. आता त्या छातीतून येतात. हिलालनानांना अजून एक बंडल सांगितलं, ब्रिजजवळ लावायला. छगन विचारतो, त्याच्या साडूच्या पोरासाठी एक करू का, उजवी.

म्हटलं, कर. पण साचा मी ठेवणार, तू नाही.

२४ सप्टेंबर, गावी

प्लेग आला म्हणून गुरुवारी अख्खी गल्ली उठली. कारखान्यांना टाळं. उधना स्टेशनात तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, पाय ठेवायला जागा नाही. भुसावळकडची गाडी आली. मी कसाबसा दारात चढलो, उजव्या हातात गिटार, डाव्याने दांडी धरलेली. शकू खाली. रेट्याने मागे मागे चालली होती, हात वर केलेला. गाडी हलली. डाव्यात तिला ओढण्याइतकी पकड नाही. मी गिटार सोडली. ती कुठे पडली बघितलं नाही. उजव्या हाताने शकूचं मनगट धरलं आणि आत घेतली.

अमळनेर येईपर्यंत सोडलं नाही.