बाई उभ्या होत्या

आबा,

त्या रविवारी शाळेच्या सभेत तुम्ही उभे राहिलात, ते सवयीनं की समजून-उमजून? मला हे सांगता येत नाही. पुष्कळ विचार करून पाहिला, आईला आडून आडून विचारूनही पाहिलं, पण कधी एक बाजू खरी वाटते, कधी दुसरी. त्या सभेनंतर तुम्ही दोन-अडीच वर्षं होतात. रोज सकाळी तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी हजीऱ्याच्या गिरणीवस्तीतून शहरातल्या लश्कर भागात शाळेला येत होते. विचारायचं असतं तर वाटेत विचारता आलं असतं. आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी बी.एस्सी. झाले, बी.टी. झाले आणि त्याच शाळेत गणित शिकवते. माझी ओळख करून देताना आई अजूनही आधी पदवी सांगते आणि मग नाव.

मला त्या शाळेत घातलंत तेव्हा तुमचं स्वतःचं सगळं बदलून गेलं होतं. रियासत गेली, मध्यभारत झाला, तुमची पलटण मोडली. तुमच्या बरोबरचे काही जण नव्या फौजेत घेतले गेले, तुमचं वय मात्र चार वर्षांनी जास्त निघालं. तुम्ही गिरणीच्या फाटकावर दरवान झालात. लश्करमधली ही मुलींची शाळाही दरबारच्या हातून एका नव्या समितीकडे आली होती. मुलींची शाळा मुलांच्या शाळेपेक्षा तसूभरही कमी असणार नाही, असं समितीनं मनावर घेतलं होतं. आत यायला परीक्षा, दर शनिवारी चाचणी, चाचणीच्या गुणांप्रमाणे पुढचे-मागचे बाक. पालकांनी एका करारपत्रावर सही करायची: मुलीकडून रोज तीन तास अभ्यास करून घेऊ, घरकामासाठी तिला घरी ठेवणार नाही, शिक्षण चालू असताना तिचं लग्न ठरवणार नाही. लग्नाच्या कलमापाशी आई थबकली होती. तुम्ही थबकला नाहीत. सही केलीत आणि खाली सवयीनं आपला पलटणीतला नंबर लिहिलात. शाळेचे कारकून, बाबूजी, म्हणाले, हे खोडा. तेव्हा मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळ्या बडी बहनजी म्हणायचो, त्यांनी कागद हातात घेतला, नंबर वाचला आणि म्हणाल्या, "रहने दीजिए।"

त्या शाळेतल्या बऱ्याच मुली दाना ओली या गल्लीतल्या आणि आसपासच्या होत्या. कुणाचे वडील वकील, कुणाचे जुन्या दफ्तरातले, आता नव्या सचिवालयातले. त्यांच्या घरी इंग्रजीतलं बीजगणित समजावून सांगणारं कुणीतरी होतं. आपल्या घरी तुम्ही होतात आणि तुम्हाला एकच गोष्ट येत होती, मला वेळेवर उठवणं. पहाटे माझ्या खाटेचा पाय बुटाच्या टोकानं हलकेच दोनदा वाजवायचात. मी डोळे चोळत बसले की समोर स्टूल टाकून तुम्हीही ताठ बसायचात, माझा अभ्यास संपेपर्यंत. करारपत्रात लिहिलं होतं, करून घेऊ. म्हणून तुम्ही करून घेत होतात. पुस्तक उलटं धरलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं, असं मी एकदा मैत्रिणींना हसत हसत सांगितलं होतं. त्या हसल्या, मीही हसले. ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

नववीत दोन तुकड्या झाल्या. 'अ' म्हणजे विज्ञान आणि इंग्रजीतलं गणित, पुढे कॉलेजात जायचं असेल तर हीच वाट. 'ब' म्हणजे गृहविज्ञान आणि हिंदीतलं साधं गणित. मी 'अ'मध्ये बसले आणि दसऱ्यापर्यंत शेवटच्या बाकावर पोचले. मला जेवण जाईना. वेणी घालताना आईच्या हातात केसांचा पुंजका यायचा आणि ती तो तुमच्यासमोर धरायची. म्हणायची, "पोरीला शाळेत घातलंय की पलटणीत?" तुम्ही म्हणायचात, "पलटणीत पोटभर देत होते." आई म्हणायची, मी काय उपाशी ठेवते का. मग तुम्ही दोघं माझ्या ताटाकडे बघत राहायचात आणि मी वरणात बोट फिरवत राहायचे.

एक शनिवार मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. दुपार आहे. आई चुलीपाशी फुलके भाजते आहे. तुम्ही उंबऱ्यात बसून ड्यूटीचे बूट चमकवत आहात. मी दप्तर न काढताच भिंतीशी उभी आहे. बीजगणितात शून्य मिळालं आहे. कमी गुण आजवर बरेचदा पडले होते, शून्य पहिल्यांदाच. मी रडत नाही. मी म्हणते, "मला ही शाळा नको." आईचा हात तव्यावर थांबतो. तुमच्या हातातलं फडकं थांबत नाही, एका बुटावरून दुसऱ्या बुटावर जातं. तो बूट खाली ठेवून तुम्ही म्हणता, "जेवून घे."  आणि पुढच्याच रविवारी ती सभा होती.

'अ'मधल्या मुली वाळत चालल्या आहेत, आजारी पडत आहेत, अशा तक्रारी बऱ्याच घरांतून गेल्या होत्या. बडी बहनजींनी पालकांना हॉलमध्ये बोलावलं. आम्ही मुली बाहेरच्या बरामद्यात खिडक्यांशी दाटीवाटीनं उभ्या होतो. तुम्ही गिरणीतून रजा काढून आलात. थंडी सुरू झाली नव्हती तरी पलटणीचा जाड कोट घातला होता, बटणं घासलेली. बडी बहनजी आत आल्या तेव्हा सगळे वडील अर्धवट उठले आणि बसले. तुम्ही उठलात ते उठलेलेच राहिलात. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "ये किसके हैं, कोटवाले?" मी खिडकीपासून जरा मागे सरले.

बडी बहनजी उभ्यानंच बोलत होत्या. बराच वेळ बोलल्या. म्हणाल्या, शाळा अभ्यास हलका करणार नाही, पण कुणाच्या मुलीला हा भार सोसत नसेल तर तिला नापास न करता 'ब'मध्ये घेऊ, यात कमीपणा काही नाही. मग म्हणाल्या, ज्यांना आपली मुलगी 'ब'मध्ये जावी असं वाटतं, त्या पालकांनी उभं राहावं. इकडून तिकडून पाच-सहा जण मान खाली घालून उठले. तुम्ही तर होतातच उभे, खांद्यात ताठ, समोर बघत. बाबूजी वही घेऊन एकेकापाशी जाऊन नावं लिहू लागले. तुमच्यापाशी आले, तुमच्या मुलीचं नाव घेऊन काहीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, "जी हुजूर।" पलटणीत वरून काहीही विचारलं की तुम्ही हेच म्हणत असाल. किंवा तुम्हाला तेच म्हणायचं असेल.

आबा, मी खिडकीत होते. "आबा, बसा" एवढे दोन शब्द मला म्हणता आले असते. मी म्हटले नाहीत. कोटवाल्यांची मुलगी मी आहे हे पोरींना कळलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण असं, की वहीत माझं नाव लिहिलं जाताना माझ्या छातीवरचं काहीतरी उतरत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेचा दोष मात्र मी तुमच्यावर टाकला.

सोमवारी नावं वाचून दाखवली. माझी दाना ओलीतली मैत्रीण, जिचे वडील सचिवालयात होते आणि सभेत पुढच्या रांगेत बसले होते, मला म्हणाली, "अगं, माझे बाबा म्हणत होते, ती चूक झालीय. ते आधीपासूनच उभे होते. जाऊन सांग ना." मी गेले नाही. घरी मी तुमच्याशी बोलणं सोडलं. सकाळी सायकलवर बसायचे, पण कोटाला धरायचे नाही, कॅरिअरची सळई धरायचे. चौथ्या दिवशी आईनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि तुमच्यावर कडाडली. बाकीचे बसले तर बसायचं होतं, एवढं कळत नाही का, आयुष्य उभं राहण्यात गेलं तरी पाय दुखत नाहीत का, असं बरंच. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात,

"बाई उभ्या होत्या."

एवढंच. एखादी बाई, तीही शिकलेली, शाळेची मुख्य, समोर उभी राहून बोलते आहे आणि आपण बसायचं, हे तुम्हाला जमणारं नव्हतं. इतके शिकलेले वडील तिथं होते, त्यांना सगळ्यांना ते जमलं. हे उत्तर तुमच्या स्वभावात इतकं बसतं की ते खरंच असणार. पण तुम्ही ते म्हणालात तेव्हा आईकडे बघत नव्हतात, माझ्याकडे बघत होतात. त्यामुळे मी अडकते.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तुम्ही शाळेत गेलात, हे मला नंतर बडी बहनजींकडून कळलं. त्यांच्या खोलीबाहेर तुम्ही पूर्ण तासभर थांबलात. आत बोलावल्यावर खुर्ची दिली, ती घेतली नाहीत. त्यांना वाटलं, चूक झाली म्हणून नाव परत मागायला आले असतील. तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. म्हणालात, "बाईसाहेब, हमसे मत पूछिए। लड़की से पूछिए, और अभी नहीं, थोड़े दिन बाद।" बडी बहनजींनी मला हे सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि तुम्ही नव्हतात. त्यांना वाटलं मला आनंद होईल. मी घरी येऊन बराच वेळ हातपाय धूत राहिले.

'ब'मध्ये मी साडेतीन महिने होते. तिथं गणिताला एक वयस्क बहनजी होत्या. घाई म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुलगी अडली की त्या रागावत नसत, नेमकी कुठं अडली ते शोधत मागे मागे जायच्या, कधी कधी पार पाचवीच्या अपूर्णांकांपर्यंत. माझं तिथंच अडलं होतं. 'अ'मध्ये कुणालाही इतकं मागे जायला वेळ नव्हता, आणि मला सांगायची लाज होती. मी पुन्हा जेवू लागले. पहाटे खाटेचा पाय वाजला की राग येईनासा झाला. एका सकाळी वाटेत, पडावाच्या अलीकडे, मी तुमचा कोट धरला. तुम्ही पायडल जरा सावकाश मारू लागलात.

होळीच्या आधी बडी बहनजींनी मला बोलावून विचारलं, परत यायचंय का. मी हो म्हटलं. फेरचाचणी दिली आणि मधल्या बाकावर बसले. मग मॅट्रिक. त्याच वर्षी मध्यप्रदेश झाला, दफ्तरं भोपाळला गेली, दाना ओलीतली मैत्रीणही तिकडे गेली. निकालाच्या दिवशी आपण तिघांनीच पेढे खाल्ले. तुम्ही पेपरातला माझा नंबर पाहिलात आणि तो पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणालात, जसा तुम्ही स्वतःचा नंबर म्हणायचात. पुढच्याच पावसाळ्यात ताप आला आणि तुम्ही गेलात.

परवा सभेची वही शोधून पाहिली. शाळेनं जुन्या वह्या ठेवल्या आहेत. बाबूजींच्या अक्षरात तुमचं नाव, पुढे माझं, आणि शेवटच्या रकान्यात 'सहमत'. तुमची सही नाही. त्यातून काही कळलं नाही. कळलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं, असं वाटतं.

शाळेत आता नवीन मुख्याध्यापिका आहेत. करारपत्र गेलं, चाचण्या आणि तुकड्या राहिल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी मला 'अ'चं गणित देऊ केलं. जिचे निकाल चांगले तिलाच ते मिळतं, आणि सगळ्याजणी त्याचीच वाट बघतात. 'ब'कडे कुणी आपणहून जात नाही. त्या वयस्क बहनजी निवृत्त झाल्यापासून तिथं दर वर्षी नवी बाई येते आणि दर वर्षी तिथल्या मुली पुस्तकाचा शेवटचा धडा न बघताच शाळा सोडून घरी बसतात. पलीकडून कुणी परत 'अ'मध्ये आल्याचं मी गेल्या सहा वर्षांत पाहिलेलं नाही.

आईला मी सांगितलं की शाळेनं मला 'ब'वर टाकलं. ती फार चिडली. एवढी शिकली माझी पोर आणि तिला तिकडे टाकतात, मी येऊन बोलते त्या बाईंशी, असं दोन दिवस चाललं होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आबा, तिला मी खरं सांगितलेलं नाही आणि सांगेन असंही वाटत नाही. तुम्हालाही हे कुठं पाठवणार. 'ब' मी मागून घेतला आहे. अर्ज मी स्वतः लिहिला, आणि सोमवारपासून पहिला तास माझा आहे.