डोळखांबचे बिंदू

८ जानेवारी
पोचले एकदाची! आटगावला उतरून जीपने डोळखांब. धोंडूबाईंच्या घरामागची खोली मिळाली आहे. दोन खिडक्या, एकीतून वालाचं हिरवं शेत दिसतं. धोंडूबाईंनी विचारलं, की बाईमाणूस एकटी कंपूटर घेऊन जंगलात काय करणार. मी म्हटलं, मुलांसाठी भूमितीचा खेळ बनवणार. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि नाचणीची भाकरी वाढली.
तीन महिने इथे राहायचं, शाळेतल्या मुलांसोबत बसून सॉफ्टवेअर घडवायचं आणि मग ते सगळ्या जिल्ह्याला द्यायचं. कल्याणच्या ऑफिसात बसून लिहिलेली भूमिती मुलांना नको असते, हे मला दोन वर्षांनी कळलं.

१० जानेवारी
पाड्यावरचे चंदर टेबल खांद्यावर घेऊन आले. दरवर्षी दिवाळीनंतर ते वीटभट्टीला जातात. या वर्षी गेले नाहीत, कारण लेक सातवीत आहे आणि तिची शाळा बुडवायची नाही. लेकीचं नाव चिमी. आई नाही तिला. बाप टेबल ठेवेपर्यंत तिने माझ्या लॅपटॉपवरचा त्रिकोण कोपऱ्याला धरून ओढून पाहिला. एक टोक हललं, तशा बाजू, कोन, मध्यगा सगळं त्याच्याबरोबर सरकलं. ती खुदकन हसली. या हसण्यासाठीच मी आले आहे.

१५ जानेवारी
गणिताच्या रंजिताबाईंशी गट्टी जमली. त्या डोळखांबच्याच, माझ्याच वयाच्या. त्यांनी सुचवलं की बिंदूंना क, ख, ग म्हणण्यापेक्षा मुलांना ओळखीची नावं देऊ दे. म्हणून आम्ही गाव आणि पाड्याचा नकाशाच पडद्यावर मांडला. प्रत्येक घर म्हणजे एक बिंदू, घरातल्या माणसाच्या नावाचा. विहीर, शाळा, पाण्याची टाकी हेही बिंदू.
चिमीने स्वतःचा बिंदू बापाचं घर आणि शाळा यांच्या बरोबर मध्ये ठेवला. म्हणाली, मी अर्धी इकडची, अर्धी तिकडची. बापाचा बिंदू हलवला की तिचाही हलतो. वर्गात टाळ्या पडल्या.

१९ जानेवारी
आज दुपारी नकाशा साफ करत बसले होते. काही बिंदू दोनदा पडले होते, ते काढले. त्या गडबडीत चंदरचा खरा बिंदू पुसला गेला. त्याच्यावर बेतलेला चिमीचाही गेला. सॉफ्टवेअरचा नियमच तसा आहे, आधार गेला की त्यावरचं सगळं जातं. उद्या परत मांडीन.

२० जानेवारी
चिमी शाळेत आली नाही. तिच्या बाकावर दुसरी मुलगी ऐसपैस बसली होती. मी विचारलं तर मुलं एकमेकांकडे बघू लागली. रंजिताबाई म्हणाल्या, चिमी नावाची मुलगी वर्गात कधीच नव्हती.
मी पाड्यावर गेले. चंदरच्या घराच्या जागी मोकळी जमीन. चूल नाही, पायरी नाही. धोंडूबाईंना विचारलं. त्या काळजीने माझ्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ताप तं नाय ना गो? चंदर कोन? आमच्याकडं तसा कोन नाय."
पण टेबल खोलीत आहे. ते कोणी आणलं, हे त्यांना आठवत नाही.

२१ जानेवारी
चंदरचा बिंदू जुन्या जागी परत मांडला. धावत पाड्यावर गेले. घर होतं! ते दारात बसले होते. मी रडले.
मग चिमीचा मांडायला घेतला. पडद्यावर येईना. यादीत नाव दिसतं, पुढे लिहिलेलं येतं की बिंदू अस्तित्वात नाही. वीस वेळा केलं.
संध्याकाळी पुन्हा गेले. चंदरनी दोन ताटं वाढली होती आणि दुसऱ्या ताटाकडे बघत बसले होते. मांडीवर एक लहान झगा. मला म्हणाले, "ताय, यो कोनाचा हाय? घरात गावला. टाकवत नाय मना."


२३ जानेवारी
मी आता काहीही पुसत नाही. तरी आज दोन बिंदू कमी. लखमाआजोबा आणि विहिरीजवळची भिमी. पाड्यात तेवढी दोन घरं कमी. कोणाला काही वाटत नाही.
ज्या बिंदूला एकही रेघ जोडलेली नाही, तो फालतू समजून काढून टाकणारा भाग मीच लिहिला होता. तो काढला. लॅपटॉप बंद करून ठेवला.

२४ जानेवारी
बंद लॅपटॉप. तरी मंगळूचं घर गेलं.
फाइल पुसावी असं मनात आलं. बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. त्यात सगळा पाडा आहे.

२५ जानेवारी
रंजिताबाईंना सगळं सांगितलं. हसतील वाटलं. त्यांनी हजेरीपट उघडला. चौदानंतर एकदम सोळा. मधल्या ओळीत ना क्रमांक, ना नाव, पण हजेरीच्या खुणा आहेत, त्यांच्याच हातच्या. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की ही पोर मी शिकवली असणार आणि मला तिचा चेहराही आठवत नाही.
त्यांनीच उपाय काढला. सुटे बिंदू जातात ना, मग एकही सुटा ठेवायचा नाही. त्यांच्या घराचा बिंदू केंद्र धरायचा आणि प्रत्येकाला त्यांच्याभोवतीच्या वर्तुळावर बांधायचं. मी म्हटलं, मग सगळ्यांचा भार तुमच्यावर. त्या म्हणाल्या, बाईंवर असतोच.
दिवसभर बसून एकेक नाव बांधलं. धोंडूबाई, चंदर, एकोणतीस मुलं. शेवटी मलाही.

२८ जानेवारी
तीन दिवस कोणी गेलं नाही. सकाळी सगळे मोजते. सगळे आहेत. चंदर झगा उशाशी घेऊन निजतात. चिमी काही आली नाही, येणारही नाही. पण बाकीचे आहेत.

२९ जानेवारी
वर्तुळाची रेघ फिकट दिसते. पडद्याचा दोष असेल. रंजिताबाईंना आज फळ्यावर लिहिताना मध्येच थांबलेलं पाहिलं. आपलं आडनाव आठवेना म्हणाल्या. हसल्या. मी हसले नाही.

३० जानेवारी, सकाळ
पळून जावं का? धोंडूबाईंना घेऊन? कुठे — मुरबाडला गेलं तरी बिंदू इथेच —

दुपार
शाळेत गेले होते. वर्गात मुलं गप्प बसून होती. शिकवायला कोणी नाही. मी विचारलं गणित कोण घेतं. म्हणाली, कोनी नाय.
मलाही — मलाही आठवत नाही कोण घेतं. आतापर्यंत गेलेले मला आठवायचे, पण आता मीही नकाशात बांधलेली आहे.

मागची पानं वाचली. माझंच अक्षर. जागोजागी रंजिताबाई, रंजिताबाई. ही कोण? चेहरा येत नाही. नाव लिहून घेते. रंजिता. रंजिता.

पडद्यावर केंद्र नाही. सगळ्यांना त्याला बांधलं, त्याला कशालाच नाही. वर्तुळ आहे अजून, तुटक. त्यावरची नावं एकेक —
धोंडूबाईंना हाक मारली. ओ आली नाही. अंगण —
अंगण नाही.

यादी लिहून ठेवते, कोणी वाचेल. चंदर. जगदीश. मिताली. चिमी, ती आधीच — धोंडूबाई. राघो. आणि मी, मी कल्याणची, माझं नाव म—