म्हसोबाचा वळसा

४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळीच केंद्रप्रमुखांचा फोन. वस्तीवरची माझी शाळा ते गावातली मोठी शाळा, अंतर मोजून कळवा. एक किलोमीटरच्या आत भरलं तर वस्तीची शाळा बंद, पोरं गावात, आणि मी गेवराईला, घराजवळ. "तुमच्या हातात घड्याळ हाय की गुरुजी. बटन दाबा अन् जाऊन या." शुगर निघाली म्हणून सायकल घेतली, घड्याळ घेतलं. हेही गळ्यात पडलं.
रात्री फोनवर बायकोला सांगितलं. सुलू म्हणाली, "भरू दे बाई आतच एकदाचं."

६ फेब्रु., गुरु.
मोजलं. घड्याळ म्हणतं नऊशे सत्तर मीटर. सायकलच्या चाकावरचं मीटर म्हणतं एक हजार चाळीस. रस्ता तोच, माणूस तोच. खोलीवर येऊन पिठलं टाकलं, पण एकट्याने खावंसं वाटेना. इतकी वर्षं झाली हे असं.

८ फेब्रु., शनि.
चूक सापडली. घड्याळाने काढलेली रेघ मोबाइलवर पाहिली. वाटेत म्हसोबा आहे. त्याच्या समोरून कुणी सरळ जात नाही. सगळी वस्ती मेंढरांसकट लिंबाच्या मागून, ओढ्याच्या कडेने लांब वळसा घेते. मीही घेतो, कधीपासून ते आठवत नाही. घड्याळ मी बॅटरी वाचवायच्या मोडवर ठेवलेलं. ते अधूनमधून एक ठिपका टाकतं आणि ठिपके सरळ जोडून मोकळं होतं. रेघ थेट म्हसोबाच्या डोक्यावरून.
मोड बदलून पुन्हा गेलो. आता घड्याळही हजाराच्या वर. म्हणजे चाक खरं. म्हणजे मी इथेच.
वाईट वाटलं. स्वतःपासून काय लपवायचं.

१० फेब्रु., सोम.
के. प्र. ना सगळं सांगितलं. हसले. "म्हसोबा नकाशात नसतो, गुरुजी. पहिला आकडाच पाठवा. तुमचं बी भलं होतंय." खोटं तरी कुठे आहे, घड्याळानेच दाखवलेलं आहे, असं दिवसभर मनाला समजावत...
सुलूचा फोन घेतला नाही.

१२ फेब्रु., बुध.
दुपारी कोंडाबाई शाळेत आली. तिच्या दोन्ही पोरी माझ्याकडे आहेत. नवरा मेंढरं घेऊन चकलांब्याच्या पुढे गेलाय. बातमी वस्तीवर पोचलेली दिसते. मी घड्याळ, ठिपके, रेघ समजावून सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं.
"अंतर आमाला ठावं हाय, गुरुजी. पोरी रोज गावात धाडनं मला व्हनार न्हाई, ते बी ठावं हाय. तुमाला कटाळा आलाय का, तेवढं सांगा."
हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.
"कटाळा येतो की," म्हणाली, आणि पोरी सुटेपर्यंत दारात बसून राहिली.
मेसेज लिहून ठेवलाय, दोन्ही आकड्यांसह. उद्या सकाळी एक पुसायचा आहे.