थांबल्यावर दोन मिनिटं

रत्नागिरी,
मार्गशीर्ष, १९८६

रा. रा. महिपतराव यांस,
अण्णाचा सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं क्षेम आहे. तुमची कंबर कशी आहे? मस्कतच्या थंडगार खोलीत बसून माणसाची कंबर धरते हे तुमच्या बहिणीला पटत नाही. तिच्या मते तुम्ही रात्री पांघरूण घेत नाही. तिने तुमच्यासाठी तेलाची बाटली भरून ठेवली आहे आणि ती कोणाबरोबर धाडायची यावरून घरातल्यांना रोज एकदा तरी हैराण करते. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब तेवढा डॉक्टरांना दिसतो, मला दिसत नाही. उमा मजेत आहे. तुमची गाडीही मजेत आहे. (हे वाक्य मुद्दाम पहिल्याच पानावर घातलं, कारण पत्र उघडून तुम्ही आधी तेच शोधणार.)

गाडीबद्दल जरा सविस्तर लिहितो. तुम्ही परदेशातून ती बोटीने आणलीत, रजा संपल्यावर आमच्या अंगणात उभी केलीत आणि जाताना म्हणालात, अण्णा, नुसती उभी ठेवू नका, चालवत राहा. तेव्हापासून ह्या लाल, चिमुकल्या, मागचं दार वर उघडणाऱ्या प्राण्याने आमच्या घराचं नाव आळीभर केलं आहे. मुंबईला म्हणे लोक विचारतात गाडी किती पळते. रत्नागिरीत असला पोरकट प्रश्न कोणी विचारत नाही. इथे एकच प्रश्न, ॲव्हरेज किती देते? टपाल टाकायला आलेला पोस्टमन विचारतो, मासळीवाली सखू पाटी उतरवता उतरवता विचारते, परवा तर श्राद्धाला आलेल्या भटजींनी संकल्प सोडायच्या आधी विचारलं. तुम्ही मला टर्बो समजावून सांगितलात तो दिवस मी विसरलेलो नाही. इंजिनातून वाया जाणारा धूर जाता जाता एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, आणि एवढ्याशा इंजिनाला दांडगं बळ येतं. नारळाची करवंटीसुद्धा न टाकणाऱ्या माणसाला हे ऐकून भरून येणारच. जपानी लोक मूळचे आपल्याच तालुक्यातले असावेत असं मला त्या दिवशी वाटलं.

पण त्याच दमात तुम्ही दुसरी सूचना दिलीत, तिथे माझं बिनसलं. म्हणे गाडी जोरात चालवून आणली की थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं. का, तर टर्बो तापलेला असतो, त्याला तेल पाजत निवू द्यायचं. अहो, गाडी दारात उभी, जायचं कुठेच नाही, आणि पेट्रोल जळतंय. हे मला ह्या जन्मात जमायचं नाही. उलट रत्नागिरी हे गावच देवाने उतारावर ठेवलेलं. माळनाक्यावरून निघालं की बाजारापर्यंत चावी फिरवायची गरज पडत नाही. चढ चढायचा, टोकाला पोचलं की इंजिन बंद, आणि खाली घरंगळायचं. सरकारी जीपवर मी उभी नोकरी अशीच काढली. तुमचा टर्बो मला ह्या एवढ्या महिन्यांत कधी भेटलाच नाही. डॅशबोर्डवरचा तो काटा जागचा हलेना, तेव्हा तुम्हाला तिकडे कोणीतरी फसवलं असावं अशी माझी खात्री झाली होती. (तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही.)

आता मुख्य गोष्ट. आपल्या उमाने स्वतःचं स्वतः जमवलं आहे. मुलगा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे, नाव जयवंत, शांत, निर्व्यसनी, आणि दोन वेळा जेवायला वाढलं तरी तिसऱ्यांदा नको म्हणणारा. आम्हा दोघांना पसंत आहे. घोडं अडलं ते त्याच्या वडिलांपाशी. श्रीपतीभाऊ गुहागरचे, सुपारीची नि आंब्याची बाग, माणूस सज्जन, पण तापट अशी ख्याती थेट चिपळूणपर्यंत. ते मुलीचं घर बघायला म्हणून एस्टीने आले, फाटकात उभे राहिले, अंगणातली तुमची लाल गाडी त्यांनी वरून खाली नि खालून वर बघितली, बाजूला लिहिलेलं ‘टर्बो’ मोठ्याने वाचलं आणि तांब्यातल्या पाण्याला हात न लावता परत गेले. मागून निरोप आला की असली उधळी गाडी दारात पोसणाऱ्यांची मुलगी आमच्या घरात रुळायची नाही. मी उलट कळवलं की गाडी आमची नाही, मुलीच्या मामाची आहे. त्यावर उत्तर आलं, म्हणजे वळण मामाचं. मग मलाही संताप आला. मी विचारलं, तुमचं म्हणणं तरी काय? तर म्हणाले, गाडी घेऊन गुहागरला या, ॲव्हरेज किती देते ते समोर दाखवा, मग पत्रिकेचं बघू.

महिपतराव, मी वरवर हसलो, पण उमाकडे बघवत नव्हतं. पोरगी रडली नाही, रुसली नाही. रोज सकाळी उठून गाडी पुसायची, काच पुसून झाली की पुन्हा तीच काच पुसायची. एकुलती एक आहे. तिचं लग्न एका पेट्रोलच्या टाकीवर मोडावं हे मला सहन होईना. म्हणून मी आव्हान घेतलं आणि तयारीला लागलो. टाकी गळ्यापर्यंत भरली. गाडीतलं ओझं कमी केलं, म्हणजे जादा चाक काढून ठेवलं (ते तुमच्या बहिणीने परत टाकायला लावलं). उमाला बजावलं की तुला गाडी येते हे गुहागरात कळता कामा नये. तुम्ही रजेत तिला सड्याच्या मोकळ्या माळावर नेऊन शिकवलंत ते प्रेमापोटी, मान्य आहे, पण होणाऱ्या सासऱ्यासमोर मुलगी पदर खोचून गिअर टाकते हे बरं दिसत नाही.

निघालो. निवळीचा उतार आला, मी नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलं आणि गाडी सोडली. आता ह्या तुमच्या गाडीत एक खोड आहे ती तुम्ही मला सांगितली नव्हती. इंजिन बंद असलं की थोड्या वेळाने ब्रेक दगडासारखा होतो. वळणावर पुढ्यात जांभ्या चिऱ्यांनी भरलेली बैलगाडी, माझे दोन्ही पाय ब्रेकवर, आणि गाडी आपली निवांत चाललेली. शेवटी हँडब्रेक ओढला गेला आणि आम्ही गवतात जाऊन उभे राहिलो. बैलांनी वळून बघितलं, बाकी काही झालं नाही. नंतर इंजिन चालू केलं तेव्हा मागून निळसर धूर आला, तोही फार नाही. तिथे थोडी चर्चा झाली. चर्चेनंतर गाडी पुढे निघाली.

आणि मग कामथ्याच्या घाटात तो क्षण आला. पुढे एक लादलेला ट्रक धुराचे लोट सोडत कण्हत चढत होता. त्याच्यामागे तसंच रांगत जायचं हा माझा शिरस्ता. पण त्या दिवशी गिअर एक खाली पडला, ॲक्सिलरेटर दाबला गेला, आतून बारीक शीळ ऐकू आली, काटा एकदम उठला आणि कोणीतरी मागून ढकलावं तशी गाडी सुटली. ट्रक मागे कधी पडला मला कळलंदेखील नाही. (माझे डोळे त्या वेळी मिटलेले होते, पण ते ऊन लागत होतं म्हणून.) महिपतराव, तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. मी शब्द परत घेतो.

गुहागरला आधी पंपावर जाऊन टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. किती पेट्रोल मावलं ते बघून माझा विश्वास बसेना. पंपावरच्या माणसाने तीनतीनदा हिशेब केला. एवढा घाट, एवढा वेग, आणि ॲव्हरेज आमच्या जीपच्या दुपटीहून चांगलं. तो कागद खिशात घालून आम्ही श्रीपतीभाऊंच्या अंगणात शिरलो. ते ओटीवर उभेच होते. गाडी थांबली, आम्ही उतरलो, पण इंजिन चालूच ठेवलं होतं. झालं, त्यांचा पारा चढला. काय हो, उभ्या गाडीत पेट्रोल जाळता, आणि ॲव्हरेज दाखवायला आलात? त्यावर त्यांना शांतपणे सांगण्यात आलं की तापलेलं एकदम बंद केलं तर आतल्या आत जळतं, दोन मिनिटं नुसतं चालू द्यायचं, मग आपोआप निवतं. श्रीपतीभाऊ ओटीवरून खाली उतरले. अंगणात उभे राहून त्यांनी ती दोन मिनिटं ऐकली. मग इंजिन बंद झालं आणि ते म्हणाले, आत या. खिशातला कागद कोणी मागितलासुद्धा नाही. पत्रिका त्याच दिवशी घेतली. आंबा उतरायच्या आत, म्हणजे फाल्गुनात, लग्न करायचं ठरतं आहे. मी तुम्हाला काय सांगू, परतीच्या वाटेवर मला सगळे उतार सपाट वाटले.

असो. कंबरेला जपा. कळावे, लोभ आहेच, तो ॲव्हरेज न बघता वाढवावा.

तुमचा,
अण्णा

ता. क. गाडी मजेत आहे असं वर लिहिलं ते खरंच आहे, फक्त टर्बोला किंचित पडसं झालं आहे. निळा धूर अधूनमधून येतो. मिरजोळ्याचा विठू मेस्त्री म्हणतो, काढूनच टाकू, त्याच्याशिवाय काय अडतंय? मी त्याला हात लावू दिलेला नाही. तिकडून त्याचा सुटा भाग मिळत असेल तर येताना घेऊन या.

ता. क. दुसरी. सुटा भाग का लागला हे उमाला विचारू नये.

चि. महिपत यास कमळाताईचे अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचता आलं. ह्यांनी कुठे खोटं लिहिलेलं नाही, फक्त गाडी कोण चालवत होतं ते लिहायचं राहिलं. निवळीला हँडब्रेक ओढला तो मी, बाजूला बसले होते म्हणून वाचलो. मग गवतात उभं राहून चर्चा झाली ती अशी की उमाने ह्यांच्या हातातली चावी घेतली आणि बाबा, मागे बसा, एवढंच म्हणाली. तिथून पुढे घाट तिचा, ट्रक तिने मागे टाकला, अर्ध्याहून जास्त ॲव्हरेज तिच्या पायाचं. श्रीपतीभाऊंना ते दोन मिनिटांचं उत्तरही तिनेच दिलं, पदर खोचलेला तसाच, खिडकीतून. ते ऐकून आतल्या दाराशी त्यांच्या बायकोला हसू आवरेना. मला बाजूला घेऊन म्हणाली, वहिनी, एवढी वर्षं हे ह्यांना मला सांगता आलं नाही, मुलगी मला हीच पाहिजे. तेव्हापासून मीही सुरू केलंय. हे बाहेरून तापून आले की दोन मिनिटं अंगणात उभे करते, मगच चहा.

मंडपात मुलीला मामाने आणायचं असतं, तेव्हा रजेची सबब सांगू नकोस. उमा म्हणते, मामाने मला बोहल्यापर्यंत आणायचं आहे, तर त्याआधी मुंबईहून मामाला मी आणते. विमानतळावर लाल गाडी उभी असेल. दारात पोचलास की लगेच उतरायची घाई करू नकोस, ती इंजिन चालू ठेवील. तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळायला मला तेवढी दोन मिनिटं लागतात.